सदतीस नंबरचा लुस्टिग

ब्योर्कहुल्ट, २ मार्च १७२२

तेरा वर्षं एक ओळ नाही, आणि आता ओळ आली तर तिच्यात विचारता काय, पावाच्या भट्टीची भेग बुजवली का. मी जिवंत आहे का ते दुसऱ्या पानावर. आधी भट्टी. बुजवली. माती, शेण आणि माझेच दोन हात, दुसरं कोण होतं इथे. पण कोणती भेग म्हणता ते सांगा, कारण भट्टीला भेगा दोन होत्या.

तुमचं पत्र पाद्रीबाबांनी चर्चच्या दारात वाचून दाखवलं. त्यामुळे मी ऐकलं तसं सगळ्या गावाने ऐकलं. शिपाई पुरवणाऱ्या आपल्या पाच घरांच्या गटाचा मुखिया आर्विड शेजारीच टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "म्हणजे लुस्टिग आहे अजून. मग नवा शिपाई शोधायची घाई नको." माझा नवरा मेलेल्यातून उठला, आणि याला आनंद कशाचा, तर पाच घरांना इतक्यात माणूस द्यावा लागणार नाही याचा. पोल्टावाच्या लढाईनंतर त्यांनी एक पोरगा दिला होता, तो या झोपडीत एक रात्रही न झोपता नॉर्वेत जाऊन मेला. तेव्हापासून शिपायाचं नाव निघालं की आर्विड कपाळाला हात लावतो.

पाद्रीबाबा म्हणाले, उत्तर मी लिहून देतो. मी नको म्हटलं. आधीच्या पाद्रीबाबांच्या विधवेकडे मी सात वर्षं कपडे धुतले, तिने मला अक्षरं शिकवली. अक्षरं वाकडी आहेत, पण माझी आहेत. तुमचं पत्र मात्र सुंदर आहे. कोणी लिहिलं? तुम्हाला लिहिता येत नव्हतं. सैबेरियात शिकलात असं म्हणू नका.

खाली लिहिलंय, 'लुस्टिग, नंबर सदतीस, तुझा नवरा.' यातून मला काय कळायचं? या झोपडीच्या पाटीवर सदतीस आहे, आणि इथून जो शिपाई म्हणून जातो तो लुस्टिगच होतो. कधी काळी पहिला कोणी खुशालचेंडू होता म्हणून 'आनंदी' असं नाव पडलं, ते मागच्यांनी निमूट वापरायचं. तुम्ही येर्मुंडचे लुस्टिग झालात, आणि तुम्हाला हसताना मी लग्नातही पाहिलं नाही. मग तुम्ही पोलंडात तापाने गेलात अशी खबर आली, म्हणून गटाने ट्रुल्सला आणला. तोही लुस्टिग, तोही सदतीस. आणि मग कळलं की तुम्ही मेलाच नव्हतात. एका कंपनीत दोन लुस्टिग. पोल्टावाच्या मैदानावर दोघेही होतात, आणि रशियनांच्या यादीत एकच नाव आलं.

ट्रुल्स इथे एक हिवाळा राहिला, कवायत शिकेपर्यंत. झोपडी शिपायाची, विधवेने निघायला हवं होतं, पण बर्फात बाई कुठे जाणार म्हणून आर्विड म्हणाला राहू दे. एवढंच.

म्हणून विचारते. एक, कोणती भेग. दोन, त्या लढाईत काय झालं ते नीट लिहा, 'देवाने वाचवलं' असं नको. तीन, पत्राखाली तुमची खूण करा. तुम्ही लहान असल्यापासून करायचात ती, घराण्याची. स्वतःच्या हाताने, मोठी, आणि लिहिणाऱ्याला हात लावू देऊ नका.

सिसेला


ब्योर्कहुल्ट, ८ मे १७२२

तुमचं वीबोर्गहून आलेलं पत्र मिळालं. म्हणजे रशियातून खरंच निघालात. पाय सुजलेत असं लिहिलंय. इथे कोणाचे सुजत नाहीत?

पत्र पाद्रीबाबांनी फोडूनच दिलं. म्हणाले, सरकारी टपालातून आलेलं सगळं फोडावं लागतं. मला ते खरं वाटत नाही, पण त्यांच्याशी कोण भांडणार. तेव्हा तुम्ही लिहिता ते तिघांनी वाचलेलं असतं, लिहिणाऱ्याने, पाद्रीबाबांनी आणि मग मी, हे लक्षात असू द्या.

भट्टीबद्दल तुम्ही लिहिता, 'ती मोठी, मागच्या भिंतीपर्यंत गेलेली.' बरं.

लढाईबद्दल लिहिता की पहाट व्हायच्या आधी उठवलं, रात्रभर अंगावरच्या कोटातच पडला होतात. पुढे मातीच्या गढ्या होत्या, एकीपुढे एक, आणि त्या घेतल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. शिड्या नव्हत्या. ऊन आणि धूळ इतकी की दहा वाजता संध्याकाळ वाटली. हे मी मानते. गढीला शिडीशिवाय पाठवणारे लोक आपले, हे न सांगताही ओळखलं असतं. पुढे लिहिता, 'दुसरा लुस्टिग पहिल्या तासातच गढीच्या खंदकाजवळ पडला. मी वळून पाहिलं नाही.' मग तीन दिवस दक्षिणेला चालत नदीपर्यंत, राजा पलीकडे गेला, बाकी सगळे शरण आले, आणि पुढे बारा वर्षं सैबेरिया.

धुळीवर तुम्ही सहा ओळी लिहिल्यात. तुमच्याच नावाच्या माणसाच्या मरणावर दोन. तो तुमच्या शेजारच्या रांगेत होता, तुमच्याच झोपडीतून गेला होता. त्याच्याबरोबर शेकोटीजवळ बसून तुम्ही घरच्या गोष्टी विचारल्या असतील, त्यानेही सांगितल्या असतील. काय सांगितल्या? तुम्ही एकदाही लिहिलं नाही की ट्रुल्स मला असं म्हणाला होता. आठ महिने एका कंपनीत आणि एक शब्द नाही?

१७११ च्या साथीत इथे काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं असेल. निम्मं गाव गेलं. तुमची आई आधीच गेली होती, चुलते साथीत गेले, शेजारच्या घराला कुलूप लावायलाही कोणी उरलं नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आर्विडही तुम्ही गेल्यानंतर इथे आला. तुम्हाला पाहून हा येर्मुंडच असं शपथेवर सांगू शकेल असं माणूस आता एकच आहे, आणि ते मी. हे तुम्हालाही माहीत असावं, कारण तुमच्या दोन्ही पत्रांत एक वाक्य आहे, 'तू मला ओळखशीलच.' दोन्हीत. शब्द न् शब्द तेच. नवरा बायकोला हे कशाला लिहील?

बोएलला ताप आला होता, आता बरी आहे. सलगम पेरून झाले.

खूण मिळाली. मोठी आहे. पाहिली.

सिसेला


ब्योर्कहुल्ट, ४ जुलै १७२२

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बोएल ही मोलकरीण नाही. आमच्यासारख्यांकडे मोलकरीण असते का? डोकं ठिकाणावर ठेवून लिहीत जा. गायही नाही, जरी गावात एका गायीचं नाव तेच असलं तरी. ती कोण ते पुढे सांगेन, आज नाही.

तुम्ही स्टॉकहोमला पोचलात हे आर्विडने मला तुमच्या पत्राच्या आधीच सांगितलं. सैनिकांच्या निवाऱ्यात आहात, पाय बरे झाले की निघणार, सोबत कागद हवा. कागद म्हणजे पाद्रीबाबांनी लिहून द्यायचं की लुस्टिग, नंबर सदतीस, या गावचा, बायको अमुक. आणि बायकोने मान्य करायचं. म्हणजे परत मीच.

इथेही घाई आहे. संत मायकेलच्या दिवशी, २९ सप्टेंबरला, शिपायांची मोजणी आहे. त्या दिवशी पाद्रीबाबांना वहीत लिहावंच लागेल, सिसेला ही लुस्टिगची बायको की लुस्टिगची विधवा. बायको असेन तर झोपडीत राहते, तुम्ही येईपर्यंत. विधवा असेन तर हिवाळ्याआधी बाहेर, आणि आर्विडला नवा लुस्टिग शोधावा लागणार. त्यामुळे आर्विड हल्ली फार गोड बोलतो. परवा खारवलेल्या हेरिंग माशांचा अर्धा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, इतक्या वर्षांनी माणूस बदलतोच की. चेहऱ्याकडे फार निरखून बघू नये." मी म्हटलं, "तुझ्या बायकोला सांग हे." डबा मात्र ठेवून घेतला.

आता मुद्द्याची गोष्ट. कॉर्पोरल ब्रास्क परत आला. तुमच्याच कंपनीतला, शेजारच्या गावचा. एक हात कोपरापासून नाही. मी चालत जाऊन त्याला भेटले, चार तास लागले. तो घराबाहेर बसून एका हाताने वाटाणे सोलत होता. मला म्हणाला, "कुठल्या लुस्टिगची बायको तू?" मी म्हटलं, तेच विचारायला आलेय.

त्याने जे सांगितलं ते तसंच लिहिते. सकाळी गढ्यांजवळ कंपनी निम्मी झाली, पण दोन्ही लुस्टिग तेव्हा उभे होते. त्याला पक्कं आठवतं, कारण त्यानेच ओरडून हाक मारली आणि दोघांनी ओ दिली, आणि त्या गोंधळातही शेजारचा एक शिपाई हसला. मग मोठी लढाई मोडली, सगळे झाडीतून सामानाच्या गाड्यांकडे पळत सुटले. दुपार झाली होती. तेव्हा त्याने पाहिलं की एक लुस्टिग दुसऱ्याला पाठीवर घेऊन चाललाय. कोण कोणाला, ते त्याला सांगता आलं नाही. "हनुवटीपर्यंत धूळ होती, बाई. कोट दोघांचे सारखे. खालचा माणूस वाकलेला, वरच्याचं तोंड त्याच्या मानेत." तीन दिवसांनी नदीकाठी रशियनांनी नावं घेतली, तेव्हा लुस्टिग म्हणून एकानेच ओ दिली. कोणी विचारलं नाही कोणता. आपल्या कंपनीच्या यादीत ते नाव एकदाच उरलं होतं, कारकुनाला वाटलं दुसऱ्यांदा चुकून लिहिलंय, म्हणून त्याने आधीच खोडलं होतं.

म्हणजे पहिल्या तासाला कोणी पडलं नव्हतं. आणि वळून पाहिलं नाही म्हणता, पण दुपारी एकाच्या पाठीवर दुसरा होता. माणूस धूळ विसरेल, शिड्या विसरेल. पाठीवर घेतलेला माणूस विसरतो का?

ब्रास्कला मी विचारलं, सैबेरियात बारा वर्षं एकत्र होतात, त्याचा चेहरा कसा होता? तो म्हणाला, "आम्हाला वेगळ्या गावांत नेलं. मी त्याला नंतर पाहिलाच नाही." आणि मग वाटाण्यांकडे बघत म्हणाला, "तू कोणता आला तर बरं वाटेल तुला?" मी उठून निघाले. असला प्रश्न कोणी विचारतं का.

तुमच्या पुढच्या पत्राची वाट बघणार नाही. मला विचार करायचा आहे.

सिसेला


ब्योर्कहुल्ट, ३० ऑगस्ट १७२२

ट्रुल्स,

हे पत्र पाद्रीबाबांच्या हातून नाही. गुरांचा कळप घेऊन एक जण स्टॉकहोमला जातोय, त्याच्या कोटाच्या अस्तरात मी ते शिवलंय. ते तुझ्याच हातात द्यायचं, लिहिणाऱ्याच्या नाही, असं त्याला बजावलंय. तुला वाचता येत नाही, तेव्हा निवाऱ्याबाहेरच्या कोणाकडून तरी वाचून घे. ज्याला सदतीस नंबर काय ते माहीत नाही अशाकडून.

भट्टीची मोठी भेग पडली त्या हिवाळ्यात, जेव्हा तू ओली लाकडं कोंबून विस्तव पेटवलास आणि दोघे धुरात खोकत बाहेर पळालो. येर्मुंड तेव्हा पोलंडात होता. त्याला माहीत होती ती दाराखालची छोटी भेग. पण तेवढ्यावर मी ठरवलं नाही. शेकोटीजवळ बसून तू त्याला भट्टीबद्दल सांगितलंही असशील, असं मनाला म्हटलं. म्हणून खूण मागितली.

येर्मुंडची खूण म्हणजे उभी रेघ, खाली दोन पाय, आणि वर एक हात उजवीकडे. आम्ही लग्न केलं तेव्हा त्याने ती दाराच्या चौकटीवर कोरली. तो गेल्यावर तिसऱ्या वर्षी ती चौकट कुजली. मी नवी बसवली आणि खूण मीच कोरली, घाईत, आणि हात डावीकडे गेला. गावात सगळे हसले. आर्विड अजून हसतो. येर्मुंडने ती चौकट कधी पाहिलीच नाही. तू एक अख्खा हिवाळा रोज तिच्याखालून वाकून आत आलास.

तुझ्या पत्राखाली हात डावीकडे आहे. मोठा, ठळक, मी सांगितलं तसा. माझीच चूक तू सैबेरियापर्यंत नेलीस आणि परत आणलीस.

तू माझ्याशी खोटं का बोललास हे मी एक महिना उलटसुलट करून पाहिलं. एक कारण सापडतं. कारकून लिहितो, पाद्रीबाबा वाचतात, तू ट्रुल्स म्हणून लिहिलं असतंस तर तुला इथे यायला कोणतंच नातं नव्हतं. झोपडी लुस्टिगची, बायको येर्मुंडची. म्हणून त्याचं नाव घेतलंस आणि 'तू मला ओळखशीलच' असं लिहीत राहिलास. हे कारण मला पटतं. पण मला पटावं असं मला वाटतं, म्हणून पटतं का, हेही कळत नाही.

आता बोएल. ती नोव्हेंबरात चौदा वर्षांची होईल. तू एप्रिलात गेलास, मोज. मी विधवा म्हणून तिला जन्म दिला आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर पापी बायकांच्या लाकडी बाकावर बसले. बापाचं नाव विचारलं, मी सांगितलं नाही. पाद्रीबाबांनी वहीत 'बाप अज्ञात' असं लिहिलं. मग वसंतात पत्र आलं की येर्मुंड जिवंत आहे, तेव्हा मूल माझ्या अंगावर पीत होतं. बायको असताना मूल झालं म्हणून मला पुन्हा बाकावर बसवायचं का, यावर ते दोन महिने वाद घालत बसले. तेवढ्यात पोल्टावाची खबर आली आणि इतकी घरं रडायला लागली की माझा बाक सगळे विसरले. तिचे दात तुझ्यासारखे आहेत, पुढच्या दोनांत फट. शिटी वाजवते. मला आवडत नाही.

येर्मुंडबद्दल मला तू काही चांगलं लिहावंस अशी अपेक्षा नाही. तो कडक होता. त्याचा हात सुटायचा. तुला मी ते सांगितलं होतं त्या हिवाळ्यात, त्याला मेलेला समजून. सांगायला नको होतं. कारण मग तू त्याच्याच कंपनीत गेलास, आणि तो जिवंत निघाला, आणि दुपारी एकाच्या पाठीवर दुसरा होता.

उचलणारा तू होतास. हे मला ब्रास्कने सांगितलं नाही, पण येर्मुंडने कोणाला पाठीवर घेतलं नसतं. आणि परत आलास तू. म्हणजे तू त्याला उचललंस, आणि कुठेतरी उतरवलंस.

तो तुझ्या पाठीवर मेला का? मग तसं सांग. की तो जड झाला, रशियन जवळ आले, आणि तू त्याला झाडाखाली ठेवून पळालास? तेही सांग. तेही मी ऐकेन, बाकीच्यांनीही पळताना तेच केलं. की त्याने तुला विचारलं, माझी बायको कशी आहे, आणि तू खरं बोललास, आणि त्यानंतर त्याला पाठीवर घेऊन चालणं तुला जमलं नाही? किंवा तो जिवंत होता, शुद्धीत होता, आणि उतरवताना तुझ्या डोक्यात मी होते? हे मला कळलंच पाहिजे. कारण तू आलास तर त्याच भट्टीजवळ बसणार आहेस, आणि मी तुझ्यासमोर पाव ठेवणार आहे. तो पाव कशावर ठेवतेय हे मला आधी माहीत हवं.

पाद्रीबाबांकडे जाऊन शपथेवर तू येर्मुंड आहेस असं मी सांगणार नाही. कोणत्याही उत्तरावर नाही. आर्विडने हेरिंगचे दहा डबे आणले तरी नाही. मेलेल्या माणसाला त्याचं नाव मी परत देणार आहे. पण तुझ्या पत्रातून तो मेला हे नक्की कळलं, तर मी विधवा आहे. आणि विधवेशी कोणीही लग्न करू शकतो, ट्रुल्स नावाचा, पाय सुजलेला, कुठलाच नंबर नसलेला माणूससुद्धा. आर्विडला शिपाई हवाच आहे. तू चालू शकत असशील तर या वेळी स्वतःच्या नावाने पुन्हा लुस्टिग हो, आणि झोपडी तुझीच. चालू शकत नसशील तर आपण तिघं मिळून दुसरं छप्पर शोधू, दगड फोडू, काहीही करू. ते मला जमतं.

बोएलला मी काही सांगितलेलं नाही. काल तिने चौकटीवरच्या खुणेवरून बोट फिरवत विचारलं, "हा हात चुकीच्या बाजूला का आहे?" मी म्हटलं, माझ्याकडून चुकला. ती म्हणाली, "मग दुरुस्त का नाही केलास?"

तेव्हा एकच लिही. पाठीवरून त्याला कुठे उतरवलंस, आणि तेव्हा तो श्वास घेत होता का. धूळ नको, ऊन नको, देव नको. खाली खूण करू नकोस, ती तुझी नाही. बोटाला शाई लावून कागदावर दाब, म्हणजे ती खूण तरी तुझी स्वतःची असेल. गुरांवाला पाच दिवस स्टॉकहोममध्ये थांबून परत येतो, त्याच्याच हाती दे.

मायकेलच्या दिवसाच्या सकाळी पाद्रीबाबा वही उघडतात. त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत, २८ सप्टेंबरपर्यंत, तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे. नाही आलं तर सदतीस नंबरचे दोघेही त्या मैदानावर मेले असं मी सांगेन, आणि बोएलचा हात धरून इथून निघेन. मग या दारात आलास तर चौकटीखाली दुसऱ्याच कोणी लुस्टिगची बायको उभी असेल.

सिसेला